चार सेकंदांचा कौल

चार सेकंद लागले. घड्याळ लावलं नव्हतं मी, पण ज्यानं चौतीस वर्षं ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांकडून लंबकाचे हेलकावे मोजून घेतले त्याला चार सेकंद ओळखायला घड्याळ लागत नाही. सकाळचे दहा वाजले असतील. दहिवलीतल्या माझ्या घरी, स्वयंपाकघराच्या फरशीवर, सुंदरा पाय पसरून बिरड्याचे वाल सोलत बसली होती. सुंदरा माझी धाकटी बहीण. खालापूरच्या बाजूला नदीपलीकडे तिचं सासर. माझी बायको गेल्यापासून मी नुसता खिचडीवर जगतो असं तिनं मनाशी धरून ठेवलंय, त्यामुळे दर पौषात मोड आलेल्या वालांचा डबा घेऊन ती दोन दिवस माझ्याकडे राहायला येते. तिचे दोन्ही हात भिजलेले होते. म्हणाली, "दादा, जरा माजा फोन घे ना. देवीला इचार, वरच्या तुकड्यातल्या शेंगा ह्या हप्त्यात काढू का." मी विचारलं, "कुठल्या देवीला?" तर म्हणाली, "आपल्या रं. जितूनं बसवलीय नाय का फोनात." जितू म्हणजे तिचा मुलगा जितेश, नेरळला राहतो, कॉम्प्युटरवाला. मी फोन उघडला तर पडद्यावर आमची जाखमाता. तोच शेंदराचा दगड, तेच चांदीचे डोळे, डाव्या खांद्याजवळची चीरसुद्धा तीच. मी प्रश्न बोललो. घंटा वाजली, दोन पांढऱ्या कळ्या दगडाच्या दोन खांद्यांवर येऊन बसल्या, आणि चार सेकंदांत उजवी कळी खाली पडली. "देवीने उजवा कौल दिला आहे," फोनमधली बाई मधाळ आवाजात म्हणाली, "आपले कार्य निर्धास्त करा." सुंदरानं सोलता सोलता मान डोलावली. माझी कानशिलं तापली.

राग येणं ही माझी जुनी खोड आहे. कॉलेजात मुलं मला मागून गरम तवा म्हणायची, आणि ते मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं. पण हा राग वेगळा होता. आमच्या घराण्यात कौलाचा मान आहे. कुणाला काही अडलं, लग्न जमवायचं, विहीर खणायची, जमिनीचा वाद मिटवायचा, की तो देवळात यायचा आणि माझे बाबा तगरीच्या दोन कळ्या ओल्या करून दगडाच्या दोन खांद्यांवर लावायचे. उजवी आधी पडली तर देवीचं हो, डावी आधी पडली तर नाही. एवढंच. पण मधला वेळ! कधी अर्धा तास, कधी दुपार कलेपर्यंत. विचारणारा माणूस समोर मांडी घालून बसायचा. आधी तो देवीकडे बघायचा, मग कळीकडे, मग स्वतःच्या हातांकडे. तासाभरानं त्याचा चेहरा उतरायचा, किंवा निवळायचा. कितीतरी माणसं कळी पडायच्या आधीच उठून बाबांना म्हणालेली मी पाहिलीत, "ऱ्हाऊ द्या दशरथभाऊ, समजलं मला." त्या बसण्याचे हे चार सेकंद करून टाकले होते. मी सुंदराला म्हटलं, "हा कसला कौल? हे तर मुतायला लागतो त्याहून कमी वेळात." ती हसली. "तुजं आपलं कायतरीच. लोकांना येळ कुठं हाय आता." मी चिडून फोन बंद करायला गेलो आणि अंगठा भलत्याच जागी लागला. पडद्यावर एक यादी उघडली. वर लिहिलं होतं, माझे कौल.

मी ती वाचायला नको होती. पण चष्मा डोळ्यांवर होता आणि अक्षरं मोठी होती. सगळ्यात वर आताचा शेंगांचा प्रश्न. त्याखाली, जितूच्या नव्या घराची वास्तुशांत झाल्यावर तपासणी केली तर चालेल का: उजवा. त्याखाली, सुईनं गाठ पसरती म्हणतात, नको ना करू: उजवा. दिवाळीनंतर गेली तर चालेल का: उजवा. गाठ दुखत नाय म्हणजे साधीच ना: उजवा. जितूला आन दादाला सांगू नको ना: उजवा. गणपती होऊन जाऊ दे ना: उजवा. मी बोट खाली खाली सरकवत गेलो. श्रावणातल्या पहिल्या प्रश्नापर्यंत तेवीस कौल होते आणि तेवीसच्या तेवीस उजवे. मला आधी गणित दिसलं, हे सांगायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. नाणं उडवून लागोपाठ तेवीस वेळा छापा यायला चौऱ्याऐंशी लाखांत एक एवढी शक्यता. हे मनाशी करून झाल्यावर मग गाठ हा शब्द मला कळला. सुंदरा खाली वाकून वाल सोलत होती. तिची वेणी पाठीवर होती, आणि डाव्या खांद्यावरून पदर तिनं नेहमीपेक्षा जरा जास्तच ओढून घेतला होता, किंवा मला तो आता दिसला.

"गाठ कुठं आहे?" मी विचारलं. तिचा हात थांबला. मग तिनं एक वाल सोलला, दाणा भांड्यात टाकला, साल बाजूला टाकलं. "तू कशाला बघितलंस माजं?" तिनं बोटानं डाव्या बाजूला छातीकडे नुसतं दाखवल्यासारखं केलं. श्रावणात आंघोळ करताना हाताला लागली होती. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, पनवेलला जाऊन सुईची तपासणी करा, उशीर करू नका. ती कागद घेऊन घरी आली, कागद देवापुढे ठेवून मग कमरेच्या पिशवीत घातला आणि फोनातल्या देवीला विचारलं. पाच महिने ती विचारतेय. मी ओरडलो. काय ओरडलो ते नीट आठवत नाही. अक्कल आहे का, असं काहीतरी होतं त्यात. ती शांतपणे म्हणाली, "मी माज्या मनानं काय नाय केलं दादा. येकदा डावा आला असता ना, दुसऱ्या दिशी गेली असती. येकदा पन नाय आला. आपल्या बापानं जल्मभर काय सांगितलं? तिचं ऐकायचं." आणि ती उठून वाल धुवायला बेसिनपाशी गेली. नळ मोठा सोडला, म्हणजे मी पुढं बोलू नये.

तिचं ऐकायचं. बाबा असं सांगायचे खरे. पण बाबांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती सुंदराला माहीत नव्हती, कारण त्या दिवशी ती विहिरीवर होती. मी बी.एस्सी.ला होतो तेव्हाची गोष्ट. डोक्यात नवं शास्त्र शिरलेलं, आणि घरी सुट्टीला आलो की बापाच्या देवाचा निकाल लावायचा चंग बांधलेला. तीन वर्षं मी देवळात एक दोनशे पानी वही घेऊन बसलो. प्रत्येक कौलाची तारीख, कळी कधी लावली, कधी पडली, कुठली पडली. दोनशे बारा कौल. एकशे नऊ उजवे, एकशे तीन डावे. एका दुपारी ती वही मी बाबांपुढे आपटली आणि म्हटलं, बघा, अर्धे हे, अर्धे ते, तुमची देवी म्हणजे नुसती नाणेफेक आहे. बाबा वाचू शकत नव्हते. त्यांनी वहीवरून हात फिरवला, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवावा, आणि म्हणाले, "मंग? अर्धंच पायजे. देव कुनाच्या बाजूचा नसतो रं." मला वाटलं, म्हाताऱ्याला मुद्दाच कळला नाही. मुद्दा त्यांना माझ्या आधीपासून कळलेला होता हे समजायला मला पुढे दोन महिने लागले.

दोन महिन्यांनंतरच्या त्या सकाळी गोदूबाईची म्हैस हरवली होती. माथ्यावरच्या रानात शोधायची की नदीकडे, असा कौल होता. आठाला कळ्या लावल्या. मी वही उघडून बसलो. नऊ वाजले, दहा वाजले, कळ्या जागच्या हलेनात. डाव्या कळीच्या देठाशी पाण्याचा एक बारीक थेंब होता, त्याच्याकडे मी बघत होतो. पृष्ठताण, आसंजन, बाष्पीभवन: तिन्ही शब्द मला पाठ होते आणि तिन्ही मी त्या थेंबाला लावून पाहिले. बरोबर बसत होते. मग ते शब्द एकेक करून गळले आणि नुसतं बघणं उरलं. नंतर कोण बघतंय हे विचारणारंही कुणी उरलं नाही. लांब पळसदरीकडे मालगाडीला मागून लावलेली इंजिनं घाट चढत होती. तो आवाज मला ऐकू येत होता असं नाही, तो होता. गोदूबाईचा खोकला होता. दगड होता. मी होतो, पण दगड जेवढा होता तेवढाच, त्याहून जास्त नाही, आणि जन्मात पहिल्यांदा मला तेवढं पुरत होतं. भीती अजिबात नव्हती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. बाबांनी खांद्याला हात लावला तेव्हा गोदूबाई निघून गेलेली होती. कळी पडली होती आणि ती उजवी की डावी हे मी बघितलंच नव्हतं. वहीत त्या दिवसाची ओळ कोरी आहे. वही माझ्या कपाटात आहे, कुणीही यावं आणि बघावं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार? स्टाफरूममध्ये कळलं असतं तर केमिस्ट्रीच्या सरांनी माझी यथेच्छ टर उडवली असती. मी सणासुदीला देवळात कौल लावतो एवढ्यावरूनच ते मला अर्धा भगत म्हणायचे. आणि दुसऱ्या बाजूला ते लोक. गेल्या वर्षी जितेशनं मला चौक रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमधल्या शिबिराला नेलं होतं. पांढऱ्या झब्ब्यातला एक तरुण आमच्या कपाळाला पट्टा बांधून, डोळे मिटायला लावून, वीस मिनिटांनी मोबाइलवर शांतीचे गुण सांगत होता. प्रत्येक वाक्यात क्वांटम. त्या बिचाऱ्या शब्दाचे एवढे हाल मी कधी पाहिले नव्हते. मला शंभरात एक्केचाळीस मिळाले. मी त्याला विचारलं, पट्टा नेमकं काय मोजतो, कुठली वारंवारता, किती चुकतो? तो म्हणाला, काका, तर्क सोडा. मी म्हटलं, तर्क मी सोडीन, तू आधी पट्टा सोड. मला दोघांचाही राग येतो, केमिस्ट्रीच्या सरांचा आणि झब्बेवाल्याचा. कळी पाणी सुकल्यामुळे पडते. मेंदूत काही होतं म्हणून माणूस असा निवांत होतो, त्याचीही कारणं असतील, एक दिवस सापडतील, मी आनंदानं वाचीन. त्यानं त्या दिवसाचं काय कमी होणार आहे? माझ्यापुरतं त्या दोन गोष्टींचं भांडण कधी नव्हतंच. दगड माझ्याशी खोटं बोलला नाही आणि भौतिकशास्त्रही बोललं नाही, एवढ्या आधारावर मी चाळीस वर्षं काढली.

जेवलो नाही. तसाच नेरळला गेलो. जितेश नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो, खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसतो, आणि त्या डोंगराकडे पाठ करून तो दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो. मुलगा वाईट नाही, हे आधी सांगून ठेवतो. मला बघून त्यानं कानांतलं यंत्र काढलं, पाया पडला, चहा टाकायला निघाला. मी म्हटलं, "चहा नको. तुझा कौल कसा ठरतो ते सांग." त्याचा चेहरा खुलला. त्याला वाटलं मामाला कौतुक आहे. "मामा, पहिल्यांदा मी साधं रँडम ठेवलं होतं, फिफ्टी-फिफ्टी, तुमच्या वहीसारखं. पण डावा आला की लोक ॲप काढून टाकायचे. मग सत्तर टक्के उजवा केला. आता तेही नाही, आता एआय आहे. माणूस प्रश्न कसा विचारतो, शब्द कुठले, आवाज कसा, त्यावरून त्याला मनातून काय हवंय ते ओळखतो, आणि तसा कौल देतो. लोक रोज येतात. दुबईहून येतात, मामा." मी विचारलं, "म्हणजे ज्याला जे हवं ते?" तो म्हणाला, "आधार हवा असतो हो माणसांना. आणि तुमच्या दगडावर तरी काय वेगळं आहे? तिथेही रँडमच ना?"

"रँडम आहे म्हणूनच!" मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या फ्लॅटमधलं कुत्रं भुंकायला लागलं. "अरे गाढवा, जगात एक तरी वस्तू अशी असू दे की जी तुझं तोंड बघून उत्तर देत नाही! बायको तोंड बघून बोलते, साहेब बोलतो, पुढारी बोलतो, डॉक्टरसुद्धा बोलतो. तो एक दगड होता जो कुणाला भीत नव्हता आणि कुणाला खूश करत नव्हता. म्हणून माणूस त्याच्यापुढे खरं बोलायचा. त्याला तू होयबा केलंस. आणि वर माझ्या बापाच्या दगडाचा फोटो लावलास." जितेश गोरामोरा झाला. म्हणाला, "मामा, कुणाचं नुकसान तर नाही ना होत." मी त्याला यादी सांगितली. पाठच झाली होती मला. गणपती होऊन जाऊ दे ना, दिवाळीनंतर चालेल का, सुईनं पसरती म्हणतात. तिसऱ्या प्रश्नाला तो खाली बसला. "आईचे?" एवढंच म्हणाला. मग, "आम्ही कुणाचे प्रश्न वाचत नाही मामा. प्रायव्हसी असते. मशीनच फक्त..." त्याच्या मशीनला त्याच्या आईची गाठ पाच महिने माहीत होती. तिला भीती वाटतेय हेही त्यानं ओळखलं होतं, अगदी अचूक, आणि त्या भीतीला ते हो म्हणत आलं होतं.

त्यानं तिथूनच फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं. "आई, ते ॲप खोटं आहे. मीच केलंय, मीच सांगतो, ते ज्याला जे हवं तेच देतं. उद्याच्या उद्या आपण पनवेलला जाऊ." पलीकडून माझ्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता. मग सुंदरा म्हणाली, "मामानं शिकवलं ना तुला हे बोलायला?" "नाही गं आई, शप्पथ." "वास्तुशांतीला तूच सगळ्यांना सांगत होतास, मूळ ठिकानची देवी हाय, सगळं सेम हाय. तवा खोटं नव्हतं? आता मला दवाखान्यात घालायची तर खोटं झालं?" तो रडायला लागला, एवढा मोठा माणूस. ती आणखीच घट्ट झाली. सुंदरा तशीच आहे, समोरचा रडला की तिला वाटतं आपण बरोबर आहोत. मी फोन घेतला आणि म्हटलं, "मी सांगतो, खोटं आहे ते." "मंग तू लाव," ती म्हणाली. "उद्या मूळ ठिकानी जाऊ. तू बाबांचा हात हाईस, तू कवा खोटं नाय केलंस. उजवा आला तर पनवेलला येती मी, तू म्हनशील तिथं येती. पन डावा आला, तर दादा, मग माज्या मागं लागायचं नाय. कुनीच नाय." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

परत येताना उल्हास नदीच्या पुलावर मी थांबलो आणि तेव्हा ते माझ्या अंगावर आलं. अर्धं-अर्धं. एकशे नऊ आणि एकशे तीन. ज्या आकड्यांवर मी चाळीस वर्षं छाती काढून चाललो त्यांचा अर्थ आता एवढाच होता, की उद्या निम्म्या शक्यतेनं दगड माझ्या बहिणीला घरी बस म्हणेल आणि ती बसेल. दगडाला त्याचं काही नाही. तोच तर त्याचा मोठेपणा, आताच अकराव्या मजल्यावर मी ओरडून सांगून आलो होतो. मला त्या दगडाचा संताप आला. बाबांचा आला, अर्धंच पायजे म्हणणाऱ्या. ते कुणाच्या म्हशीबद्दल म्हणाले होते, स्वतःच्या लेकीबद्दल नव्हे! मग वाटलं, नाही, ते तसंच म्हणाले असते आणि तसेच बसून राहिले असते, आणि त्यांच्याएवढा मी कधी झालोच नाही. एकदा एक थेंब बघितला मी आयुष्यात. तेवढ्याच्या जोरावर सगळ्यांचे कान उपटत फिरलो. संध्याकाळी मी शेजाऱ्यांच्या कुंपणावरच्या तगरीच्या चार कळ्या तोडल्या आणि तांब्यात पाण्यात टाकल्या. तशीच रीत आहे. तगरीच्या देठातून पांढरा चीक येतो, तो राहिला तर कळी दगडाला डकते आणि कौल नासतो. म्हणून आदल्या दिवशी तोडायच्या, पाणी दोनदा बदलायचं, देठ बोटानं चोळून धुवायचा. लग्न होईपर्यंत हे काम सुंदराचं होतं. बाबा म्हणायचे, हिच्या हातचा कौल स्वच्छ असतो. ती माझ्या स्वयंपाकघरात उभी होती, तांब्याकडे बघितलं, पण हात लावला नाही. आता ती विचारणारी होती.

सकाळी आठला आम्ही देवळात पोचलो. देऊळ म्हणजे काय, चार खांब आणि पत्रा. मागं तगरीचं झाड आहे, आजोबांच्या वेळचं. सुंदरा हातपंपावर पाय धुवायला गेली. मी झाडाजवळ गेलो. मी काही ठरवलेलं नव्हतं, असं मला लिहायला आवडलं असतं. पण मी रात्रभर तेच ठरवत होतो. एक ताजी कळी खुडली. देठातून चीक आला, दुधासारखा, गार. ती कळी मी डाव्या मुठीत धरली. सुंदरा येऊन बसली, गुडघ्यांवर हात टेकून, पदर डोक्यावर. मी गाऱ्हाणं घातलं: "माये, तुझी लेक दारात आलीय. तपासणीला जावं असं असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे." बाबांचेच शब्द, बाबांचाच सूर. उजव्या खांद्याला धुतलेली कळी लावली. डाव्या खांद्याला ती ताजी, आणि अंगठ्यानं दाबली. कुठल्याही मशीननं केलं नसतं इतकं सफाईनं केलं.

मग बसलो. मला वाटलं होतं पाच मिनिटांत होईल. झालं नाही. उजवी कळी पाणी धरून बसली होती, हवा गार होती, वारा नव्हता. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. घाटाकडून इंजिनांचा आवाज येत होता आणि तो नुसता इंजिनांचा आवाज होता. मी थेंबाकडे बघायचा प्रयत्न केला. उजवी पडलीच नाही तर काय, चीक सुकून डावीच सुटली तर काय, एवढंच डोक्यात. जितेशचा राग, त्याच्या मशीनचा राग, झब्बेवाल्याचा राग, सगळे राग मी एकामागून एक आठवून पाहिले आणि एकही टिकेना, कारण प्रत्येकाच्या शेवटी माझाच चिकट अंगठा येत होता. सुंदरा मात्र बसली होती. आधी ती देवीकडे बघत होती, मग कळीकडे. मग तिनं हात छातीवर नेला, जिथं गाठ आहे तिथं, आणि तिथेच ठेवला. तोंड हळूहळू वाकडं झालं आणि ती रडायला लागली, आवाज न करता. पाच महिन्यांत ती रडली नसणार. चार सेकंदांत रडता येत नाही. त्यानंतर केव्हातरी उजवी कळी पडली.

तिनं डोकं टेकलं. मग उठायला हात पुढे केला, तिचे गुडघे दुखतात, मी तो धरला. तिनं उठता उठता माझा अंगठा बोटांत धरला आणि सोडला नाही. नाकाशी नेला. "दादा, चीक हाय तुज्या बोटाला." तिनं दगडाकडे बघितलं, डाव्या खांद्यावरच्या कळीकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं आता ती थुंकेल माझ्यावर, आणि तिनं थुंकावं. "बाबांनी जल्मात केलं नाय असं," ती म्हणाली. "आपल्या आईच्या दुखन्याच्या येळेला पन नाय केलं." "नाही केलं." "तू केलंस." "हो." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणी मी झाडावरून पडलो तेव्हा अशी बघत होती. "म्हंजे तू लईच भ्यालास रं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. "तो फोन भ्याला नाय कदी."

मग तिनं तांब्या उचलला. डाव्या खांद्यावरची कळी नखानं अलगद सोडवली, पाण्यात धरून देठ चोळून चोळून धुतला आणि ती कळी देवीच्या पायाशी, उजव्या कळीच्या शेजारी ठेवली. दगडावर जिथं चीक लागला होता तिथं ओल्या पदरानं पुसायला लागली. एकदा पुसलं, बोट लावून बघितलं, पुन्हा पुसलं. मी म्हटलं, "सुंदरा, राहू दे, उशीर होईल." "थांब," ती म्हणाली. "उद्या कोन येईल इचारायला, त्याला खरा मिळाला पायजे." पुसून झाल्यावर तिनं पदर पिळला, डॉक्टरीणबाईंचा कागद कमरेच्या पिशवीतून काढून माझ्या खिशात घातला आणि विचारलं, "पनवेलला जायला आता गाडी कितीला हाय?"